कुंपणाजवळचा खडखडाट

बसून चालवायच्या त्या गवत कापायच्या मशीनच्या पोटाखालचा पात्यांचा डेक मेकॅनिकनं तिसऱ्यांदा खोलला. पाती धारदार, पट्टा घट्ट, बेअरिंगही अगदी सहज फिरत होतं.

“आजोबा, मशीन ठणठणीत आहे, तुम्ही म्हणता तो खडखडाट कुठंच नाही. तुम्हीच चालवून दाखवा बरं.”

आजोबांनी हिरवळीवर दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही. तिसऱ्या फेरीला कुंपणाजवळ पोचले आणि खाडकन आवाज झाला.

“ऐकलंस? मी काय खोटं बोलतोय?”

“अहो, तुम्हीच लिव्हर ओढून डेक वर उचलताय. तो वर चासीच्या सांगाड्याला आदळतोय.”

“मी? छे!”

मेकॅनिकनं बोट दाखवलं. सगळीकडे गवत बोटभर होतं, तिथं मात्र चटईएवढ्या जागेत वीतभर वाढलेलं.

आजोबा आपल्या हाताकडे बघत राहिले.

“गेल्या वर्षी नातीला दवाखान्यात नेलं, ते शेवटचंच. आदल्या दिवशी तिनं तिथं काहीतरी पेरलं. मी येईपर्यंत इथलं कापायचं नाही, अशी तंबी देऊन गेली.”

“काय पेरलंय?” मेकॅनिकनं हळूच विचारलं.

“फ्रॉकचं बटण. म्हणाली, पुढच्या वर्षी झाडाला मोठ्या मापाचा फ्रॉक लागेल.”