चार पितळी खुंट्या

ऐक गड्या, आधी नुसतं ऐक. मधी बोलू नगंस.

बैलांच्या शर्यतीची फायनल. छकडा शेवटची रेषा ओलांडून थांबलाच न्हाई. वीरधवलची खोंडं अशी सुटल्याली की रेषंवरचा खांबच उडवला त्यांनी. खांबावर निकाल दावणारी, क्रांती नावाच्या पोरीची पेटी व्हती, ती भिरभिरत जाऊन ढेकळात आपटली. शेजारच्या पट्ट्यातनं धावणाऱ्या अश्फाकच्या छकड्याचं चाक झाकणावरनं गेलं. झाकणाचा पार चुरा.

पण पेटीकडं बघतंय कोण! आटपाडीच्या माळावर गुलालच गुलाल. वीरधवल पयला, वीरधवल पयला! पोरांनी त्याला खांद्यावर घेतला.

वीरधवल म्हंजी क्रांतीचा थोरला भाऊ. फौजेत हाय. ही खोंडं त्यानं वासरं असल्यापासनं सांभाळलेली. सुट्टीला आला की घरात कमी, गोठ्यात जास्त. आई म्हणायची, "ह्याला बायकू नगं, वैरण बघा." एकदा तरी फायनलचा गुलाल अंगावर घ्यायचा, येवढंच त्याचं मागणं. आणि उद्या त्याची गाडी व्हती. परत सुट्टी कवा मिळंल, देव जाणे.

आता पेटीचं ऐक. क्रांती डिप्लोमाला हाय, इलेक्ट्रॉनिक्सला. तिनं रेषंवर दोन्ही पट्ट्यांना किरण लावलेले. जो छकडा आधी किरण तोडंल, त्याच्या पट्ट्याचा नंबर पेटीच्या पडद्यावर उमटतो. समदं डोकं आतल्या बोर्डात. बोर्ड केवढा? चहात बुडवायच्या बिस्किटायेवढा.

मागं जतच्या शर्यतीत तिनं ह्योच बोर्ड गरम गोंदानं चिकटवलेला. जतचं ऊन म्हंजी तुला म्हाईत हाय. काळी पेटी तापली, गोंद मऊ झाला, बोर्ड सुटला आणि वायरीला वटवाघळागत लोंबकळला. सेमीलाच पेटी गप! झेंडापंच अर्जुनामामा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरी, तुझ्या पेटीपरीस माझा झेंडा बरा. उन्हानं वितळत तरी न्हाई." लय हसली लोकं. क्रांती तडक घरी आली आणि पेटी रिकामी केली.

मग काय बसवलाय गड्या तिनं बोर्ड! पेटीच्या तळाला चार पितळी खुंट्या. खुंट्यांवर सायकलच्या ट्यूबच्या बारक्या चकत्या, दणका बसला तर रबरानं खावा म्हणून. त्यावर बोर्ड. वरनं घड्याळवाल्याकडचे इवलेसे स्क्रू, चिमटीत धरताना शिंक आली तर गेलाच. आणि एकूणएक वायर पेटीलाच बांधून टाकलेली. बाहेरनं कुणी ओढलं तरी ओढ पेटीला बसंल, बोर्डाला न्हाई. तिची मैत्रीण दीपमाला बघून म्हणाली, "अगं, बोर्ड बसवतीस का बैल बांधतीस?"

तर, क्रांतीनं ढेकळातनं पेटी उचलली. झाकण नव्हतंच, आतलं समदं उघडं. बोर्ड जाग्यावर. दिवा लुकलुकतोय. पडद्यावर आकडा, दोन.

दोन नंबर पट्टा इस्लामपूरच्या अश्फाकचा.

शिंगाच्या टोकायेवढा फरक असंल नसंल. डोळ्याला दिसायचाच न्हाई. ती तशीच उभी. तिकडं भाऊ खांद्यावर नाचतोय, इकडं हिच्या हातात त्यो दोन.

अर्जुनामामा आले. "मोडली नव्हं? जाऊ दे बाळ, वाईट वाटून घिऊ नगं. मला वीरधवलच पुढं दिसला."

नुसती मान हलवायची व्हती गड्या. चुरा झालेली पेटी, कोण काय म्हणणार व्हतं?

तिनं पेटी मामांच्या तोंडापुढं धरली. "मोडली न्हाई मामा. अश्फाकभाई पयलं हायत."

मग जो कालवा उठला! "आपटल्यावर आकडा बदलला आसंल!" "येवढ्या लांब उडाली, आतलं हाललं न्हाई व्हय?" एक म्हातारा तर तिच्या अंगावरच आला, "सख्खा भाऊ हाय गं तुझा! वैरीण हायस का बहीण?" क्रांतीच्या डोळ्यात पाणी, पण पेटी काय खाली घेतली न्हाई.

अश्फाकपण भला माणूस. म्हणाला, "मामा, वाद नगं. पोरगं उद्या फौजेत निघालंय. द्या त्यालाच."

अर्जुनामामांना तेवढंच पायजे व्हतं. त्यांनी वर बघितलं. "वीरधवल, तू सांग बाबा. आतलं हाललंय असं तुला वाटलं, तर पेटी बाजूला. माझ्या डोळ्याचा निकाल धरतो."

वीरधवल खांद्यावरनं खाली उतरला.  त्यानं बहिणीच्या हातातनं पेटी घेतली. गुलालानं भरलेला अंगठा बोर्डाच्या कडंला लावला आणि ताकद लावून रेटला. सगळी पेटी हालली. बोर्ड न्हाई. परत रेटला. न्हाई.

"मामा," तो म्हणाला, "ह्यो हालायचा न्हाई. काल हिची बोटं दुखाय लागली, तवा शेवटचे स्क्रू मीच आवळल्यात."

सांग गड्या आता. गुलाल तुझ्या अंगावर, जिंकलेला माणूस सोता म्हणतोय घे, पंच म्हणतोय घे. तू काय बोलला असतास?