साडेचारची फेरी

“साडेचारची फेरी रिकामीच जायची, बाई,” विजयकुमार लॅपटॉपकडे बघत म्हणाला. “तिकिटं निघायची चार. फार तर पाच.”

हसावं की हातातलं तिकीट मशीन याच्या डोक्यात घालावं, हे बिलकीस कंडक्टरला कळेना. तिकिटं चार, आणि पोरी बेचाळीस! हिंगोलीला कॉलेजात येणाऱ्या, कनेरगाव नाक्यापर्यंतच्या गावांतल्या. सगळ्यांकडे मोफत पास. पासाची नोंदही मशीनमध्ये करायची असते, पण दारात पोरींची रेटारेटी चाललेली असताना ते बटण कोण दाबत बसतं? बिलकीसनंही कधी दाबलं नव्हतं. म्हणून या शहाण्याइतकाच तिला स्वतःचाही राग येत होता.

विजयकुमार इलेक्ट्रिक बसवाल्या कंपनीचा माणूस. कोणती बस कधी चार्जिंगला लावायची, याचा तक्ता तो पुण्यात बसून करायचा. संध्याकाळी पाचनंतर वीज महागते, म्हणून ही बस चार ते पाच चार्जिंगला. पाचला तीच औंढ्याला, कारण तिकडे तिकिटं भरपूर. कनेरगावची साडेचारची फेरी रद्द, आता थेट सातला. नवा तक्ता सोमवारी लागू झाला. आज गुरुवारी साहेब हिंगोली डेपोत पाहणीला आले होते.

खिडकीतून बस दिसत होती. वायर लावून सावलीत निवांत उभी.

“सातला गाडी निघती. नाक्यावर उतरून पोरींनी अंधारात दोन-दोन किलोमीटर चालायचं,” बिलकीस म्हणाली. “कोणता बाप पाठवील, सायेब?”

“मला समजतंय. पण तक्ता भावनेवर होत नाही, आकड्यांवर होतो. सोमवारी फोनवर सांगितलं होतं, यापुढे प्रत्येक पास मशीनमध्ये घ्या. घेतले?”

“घेतले. एक न्‌ एक बराबर घेतला.”

तिनं कागद टेबलावर आपटला. सातची फेरी. सोमवारी पास बेचाळीस, मंगळवारी अठ्ठावीस, बुधवारी सतरा.

विजयकुमारनं कागद वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. “हे बघा, मागणी तर रोज घटतेय! उलट पुढच्या महिन्यात सातच्या फेरीचाही विचार करावा लागेल.”

बिलकीसचं डोकं सणकलं. तिनं स्वतःचा मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज स्पीकरवर टाकला आणि फोन लॅपटॉपवरच ठेवला.

“पुनमचा बाप हाय, सटवाजी. बारावीला हाय पोरगी. मंगळवारपासून त्यानं घरी बसवली. सांगा त्याला, मागणी घटली म्हणून.”

“अहो, मी काय सांगणार त्यांना?”

“जे मला सांगून राहिले, तेच सांगा.”

रिंग वाजत होती. फोन बंद करायला विजयकुमारनं हात पुढे केला. बिलकीसनं फोनवर पंजा दाबून धरला.

“बोला बिलकीसबाई,” सटवाजीचा आवाज आला. “साडेचारची सुरू झाली का? पोरगी रोज सकाळी बॅग भरून बसून राहिली. पाठवू का उद्या?”