फिरता दिवा

बचाव पथकाची जुनी जीप विकताना दलालाने बजावलं होतं, "काका, छपरावरचा फिरता दिवा आधी काढा. खाजगी गाडीला मनाई आहे." पण दिव्याविना जीप बोडकी दिसेल म्हणून काकांनी तो ठेवला आणि काकूंना शेजारी बसवून डोंगरातल्या धुक्यात ऐटीत लावलाही. तोच वळणावर एक बाई गाडीपुढे आडवी आली. "आलात एकदाचे! केव्हाची फोन करतेय. भाऊ घसरलाय, खाली झुडपाला धरून लोंबकळतोय!" काकांनी काकूंकडे पाहिलं. "पुरे झालं सोंग, खरं सांगा," कुजबुजत काकूंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. इतक्यात दरीतून आवाज आला, "ताई, दिवा दिसला गं! आता सोडत नाही मी." काकांनी काकूंचा हात धरला. "राहू दे." उतरून त्यांनी गाडीत राहिलेला पथकाचाच दोर जीपला बांधला आणि दरीत सोडला. बराच वेळ तो सैल होता. मग ताठ झाला.