बाथरूममधलं बटण

एल्डनच्या गॅरेजमधला फ्रीझर बंद पडला होता आणि वासही सुटला होता. आमच्या मिनेसोटातल्या जुन्या घरांची ही खोडच आहे: दोन्हीकडची वायर एकच, म्हणून गॅरेजातलं सॉकेट मेलं की इलाज बाथरूममध्ये शोधायचा. पाणी लागलं की वीज तोडणाऱ्या तिथल्या सेफ्टी सॉकेटचं बटण बाहेर आलं होतं. मी ते दाबलं आणि तिकडे गॅरेजात फ्रीझर घुरघुरायला लागला.

“मदर्स डेला नात आली होती,” एल्डन म्हणाला. “तिचा केस वाळवायचा ड्रायर बेसिनात पडला. तेव्हाच उडालं असणार.”

“त्याला तीन आठवडे झाले! शहाण्या, तीन आठवड्यांत एकदाही फ्रीझरचं झाकण उघडलं नाहीस?”

“आत डॅरिलनं मारलेलं हरीण आहे. शेवटचं.”

डॅरिल त्याचा मुलगा. त्याला पुरून दोन वर्षं झाली होती.

“झाकण उघडलं की कुणीतरी म्हणणार, शिजवू या. मग संपलंच असतं ना ते.”

मी नाकाला रुमाल लावून झाकणाला हात घातला. एल्डननं माझं मनगट धरलं.

“राहू दे. आता चालू झालाय ना? गोठेल परत.”