काजळ लावलेला नमुना

उजेड टिकला. पण तो टिकलाच नाही असं धरून चालू, कारण टिकण्याचं कारण तेजश्रीच्या प्रबंधात बसत नाही. उसाच्या पाचटाच्या राखेतून तिने काढलेले सिलिकॉनचे अतिसूक्ष्म स्फटिक जांभळ्या दिव्याखाली लालभडक उजळायचे, हवा लागताच विझायचे. हवा अडवायला विकतचा कार्बन मिसळूनही तेच. आजचा नमुना शेवटचा. विझला तर पीएचडी संपली. डबा घेऊन वडवणीहून आलेली माय बशीतल्या नमुन्याचा निखारा बघतच राहिली. “लई देखणं हाय, नजर लागंल,” म्हणत तिने डोळ्यातलं घरचं काजळ बोटावर घेऊन थेट नमुन्याला लावलं. “माय, आता विझंल की गं!” तेजश्री ओरडली. पण स्फटिक विझेनात. दिवस कलला तरी बशी धगधगतच होती. “इझत कावून न्हाई?” माय कुजबुजली. “काजळीबी कार्बनच की, माय, पण तुपातला, हवा अडवणारा,” म्हणत तेजश्रीने विभागप्रमुखांना अर्ज लिहिला: ‘प्रयोगशाळेस एक माय, काजळासह, कायमस्वरूपी मंजूर व्हावी, ही विनंती.’