शंखबेटावरचा एक आठवडा

"शंखबेटच भरा," खुर्चीत रेलत सबनीस म्हणाले. "ऐन डिसेंबरात कोवळं ऊन, कोमट समुद्र! तिथलं रिसॉर्ट मीच बांधलंय, पण जायला सवड कुठाय?"

वैजयंतीने त्यांच्या कपाळावर पट्टा आवळला. वीस मिनिटांत आठवडाभराच्या सुट्टीची आठवण डोक्यात भरून मिळायची, आणि एकदा भरली की ती पुसता येत नसे. सगळ्यांत जास्त मागणी शंखबेटाला होती.

सबनीसांनी तिला ओळखलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर, घराच्या दारात बसून राहिलेल्या तिच्या आईला ते म्हणाले होते, "म्हातारे, ऊठ. पाहुणे यायचेत." मग बुलडोझर फिरला.

आई जाण्याआधी तिची तेवढी एक आठवण वैजयंतीने उतरवून घेतली होती. आज तिने तीच लावली.

सबनीसांनी डोळे उघडले, ते खुर्ची घट्ट धरूनच.

"मी नाही उठायची," ते हमसून हमसून रडत होते. "याच घरात नांदले, इथंच बाळंत झाले. आता कुठं जाऊ मी?"

वैजयंतीने पट्टा काढला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी नीट पुसून ठेवला.

"म्हातारे, ऊठ," ती म्हणाली. "पाहुणे यायचेत."