उतरून चालावे

पद्माबाईनं सायकलचं हँडल धरलं ते सोडेचना. पुढचं चाक प्रज्ञेशच्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. प्रज्ञेशला त्याचं काही नव्हतं. चालायला लागून त्याला बाराच दिवस झाले होते, आणि पाऊल टाकलं की पी-पी वाजणारे बूट पायात होते. तो चाकाच्या तारा मोजल्यासारखं बोट फिरवत उभा राहिला.

"घंटी काहून वाजवली न्हाई?"

"वाजवली की, आजी. तुमच्या बाबूच्या बुटापुढं ऐकू कुठं येऊन राहिली?" सायकलवरची पोरगी म्हणाली. मागच्या चार सायकली फिदीफिदी हसल्या.

या आठवड्यातलं हे तिसरं भांडण. हिंगोलीतली ही गल्ली जेमतेम दोनशे पावलांची, पण सकाळी सातला शाळेच्या पोरी हिच्यातूनच सुटायच्या. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या, वेण्या उडवत, दोघी-तिघी शेजारी शेजारी, गप्पा मारत. आणि त्याच वेळेला नातवाचं एक बोट धरून पद्माबाई निघायची. सून शीतल दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी सातची. सकाळचा प्रज्ञेश आजीच्या वाट्याचा. घरात त्याला चालायचंच नसे. रस्ता पाहिजे.

"माणसानं चालायची गल्ली हाय ही. मोठ्या रस्त्यानं जात जा."

"तिकडं ट्रका हायेत, आजी. तिकडून जाते म्हणलं तर बाबा सायकल बंद करतील. मंग शाळाबी बंद." पोरीचं हसू आता गेलं होतं.

"नाव काय तुहं? गाव कोणतं?"

"शिवकन्या." तिनं गावाचं नाव सांगितलं. "तातेराव पाटलाची नात."

पद्माबाईचं माहेर तेच. ती त्या पोरीच्या कपाळाकडं, सरळ नाकाकडं बघत राहिली. मग हँडल सोडलं.

"जा. उशीर व्हईल."

संध्याकाळी गल्ली पद्माबाईच्या ओसरीवर जमली. तक्रार तिची एकटीची नव्हतीच. रुपाच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून कालच चाक गेलं होतं. लालसिंगच्या हातातलं दूध सांडलं होतं, आणि तो दर वेळी पाव लिटर जास्तच सांगत होता. कोणी म्हणालं, गल्लीच्या तोंडाला लोखंडी पाईप ठोका. पण मग पोरींनी जायचं कुठून? पद्माबाईचा मुलगा रत्नपाल वीज मंडळात लाइनमन. भांडणात मधली तार कुठली ते त्याला बरोबर कळायचं. त्यानं तोडगा काढला. पोरी येऊ द्या, पण गल्लीपुरतं पायी. रात्री जेवण झाल्यावर त्यानं पत्रा पांढरा केला आणि लाल रंगात अक्षरं काढली. भिंतीवरच्या, आईकडच्या आजोबांच्या फोटोखाली बसूनच. आजोबांनी जन्मात काढलेला तो एकच फोटो, नव्या कोऱ्या सायकलला धरून उभे.

"झालं बघ, आई. तुझ्या नातवाचा रस्ता मोकळा."

"काय लिहिलंस?"

"या गल्लीत सायकलवरून उतरून चालावे."

"पुन्हा वाच."

त्यानं वाचलं. पद्माबाईनं प्रज्ञेशचे बूट उचलून जागेवर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

सकाळी पत्रा खांबावर लटकला. सातला शिवकन्या आली. आज एकटीच पुढं. तिनं बोर्ड वाचला. खाली उतरली, ओढणी सारखी केली आणि सायकल हातात धरून, मान खाली घालून चालत निघाली. गल्ली दारादारांतून बघत होती. रुपा तर खूश होऊन कुरडया उलथायची विसरली. दोनशे पावलं एवढी लांब असतात, हे पद्माबाईला फार दिवसांनी पुन्हा दिसलं.

पोरगी जवळ आली तशी पद्माबाई आडवी आली.

"काहून उतरलीस?"

"बोर्ड हाय ना, आजी. तुमीच तर म्हणलं."

"बस वर."

"आं?"

"बस म्हणते ना. हळू चालव. एकीमागं एक या. लेकरू दिसलं की पाय टेकव. पण उतरू नकोस."

शिवकन्या आधी घाबरली, मग हसली, मग टांग मारून बसली. घंटी वाजवत इतकी हळू गेली की प्रज्ञेश बूट वाजवत काही पावलं तिच्या बरोबरीनं चालला.

रत्नपाल तोंडात ब्रश घेऊन धावत बाहेर आला, तेव्हा आई स्टुलावर चढून पत्रा सोडवत होती.

"आई, आठ दिवस तूच भांडून राहिली व्हतीस. आता काय झालं?"

"ह्याची मागची बाजू कोरी हाय. तिच्यावर लिही. हळू चालवा, इथं लेकरं चालायला शिकून राहिलीत."

"ते लिहितो. पण उतरून चाललं तर बिघडतं काय? दोनशे पावलं तर हायेत."

पद्माबाईनं पत्रा त्याच्या हातात दिला. कोरी बाजू वर करून.

"तुहा आजा त्या पोरीच्या, तातेराव पाटलाच्या दारावरून सायकल हातात धरूनच जायचा, रत्नपाल. तिथं तर बोर्डबी नव्हता."